ओढ्याचं काम कुठून सुरू करायचं: शहरातला ओढा, त्यातले जीव आणि काठावरची वाट

शहरातल्या ओढ्यासाठी काही करायचं म्हटलं की लोक आधी रोपं घेऊन येतात. मग बाकडी, मग फरसबंद पायवाट. हौस खरी असते, पण क्रम उलटा असतो. आमच्या गटानेही पहिल्या वर्षी काठावर रोपंच लावली होती. पहिल्या मोठ्या पावसात पाणी तासाभरात चढलं आणि काठाची माती रोपांसकट घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी उघड्या पडलेल्या काठात एका पाइपाचं तोंड दिसलं. तोवर आम्ही ते पाहिलंच नव्हतं, आणि ओढ्याचं खरं दुखणं तिथेच होतं. तेव्हापासून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी क्रम सांगते: पाण्याची प्रत, मग पाण्याचा वेग, मग काठ, मग झाडं, आणि माणसांची वाट सगळ्यांत शेवटी.

वाट बांधायची शेवटी, पण ती कुठून जाणार हे कागदावर पहिल्या महिन्यातच ठरवायचं. आणि ती एकाच काठाने न्यायची. एक काठ माणसांचा, दुसरा ओढ्याचा. माझा सगळ्यांत जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. कारण पुढे येईल.

आधी चालून बघा, दोनदा

ओढा जिथे सुरू होतो, किंवा जिथे जमिनीखालच्या पाइपातून उजेडात येतो, तिथपासून त्याच्या संगमापर्यंत चाला. एकदा सलग तीन कोरड्या दिवसांनंतर, आणि एकदा चांगला पाऊस होऊन गेल्यावर, काठाच्या वरून. दोन फेऱ्यांत दोन वेगळे ओढे दिसतात.

कोरड्या फेरीत पाइपांची तोंडं शोधा. प्रत्येकाला नंबर द्या, फोटो काढा, नकाशावर खूण करा. पावसाच्या पाण्यासाठी टाकलेल्या पाइपातून तीन दिवस पाऊस नसताना पाणी येत असेल, तर ते बहुधा पावसाचं नाही. कुणाच्या मोरीचं, संडासाचं किंवा फुटलेल्या जलवाहिनीचं असू शकतं. क्वचित जमिनीतला झराही पाइपात शिरतो; त्याचं पाणी स्वच्छ, गार आणि बिनवासाचं असतं. फेस, साबणाचा वास, दगडांना चिकटलेले राखाडी कापसासारखे पुंजके, पायाखाली काळा गाळ आणि त्यातून सडक्या अंड्यांचा वास: ही मैलापाण्याची लक्षणं.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच तक्रार करू नका. एक काडी घ्या आणि तवंगातून ओढा. काचेचा तुकडा फुटावा तसे त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि ते तसेच तरंगत राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा तवंग आहे. तो नैसर्गिक असतो. काडी गेल्यावर तवंग पुन्हा मिटून एक झाला, भोवऱ्यासारखा फिरला, तर ते तेल आहे. मग पाइपांच्या यादीकडे वळा.

पावसानंतरच्या फेरीत फांद्यांवर अडकलेला कचरा बघा. तो जिथे लटकतो तिथवर पाणी आलं होतं. ती उंची मोजून लिहून ठेवा, कारण पुढे बाकडं कुठे ठेवायचं हे तीच ठरवेल. काठ कुठे उभा कापला गेलाय, मुळ्या कुठे हवेत लोंबतायत, गाळ कुठे साचलाय, तेही टिपा.

आणि जे चांगलं आहे तेही लिहा. काठातलं खंड्याचं बीळ, बेडकांची पिल्लं असलेलं डबकं, जुन्या झाडाची ढोली. नवखे लोक फक्त बिघाड शोधतात आणि मग साफसफाईच्या उत्साहात हीच ठिकाणं सपाट होतात.

एकट्याने पात्रात उतरू नका. गमबूट आणि जाड हातमोजे हवेतच. हातापायाला जखम असेल तर पाण्यापासून लांब राहा. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस जखमेवाटे शरीरात शिरतो. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर, म्हणजे जेमतेम १५ सेंटीमीटर असलं, तरी वेग असेल तर मोठ्या माणसाला पाडतं. वरच्या भागात ढग दाटले असतील तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी बाहेर या.

जागा कुणाची आणि काठावर कोण

पात्र एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, पूल तिसऱ्याचा, पाइप चौथ्याचा, असं बहुतेक शहरांत असतं. यादी करा आणि लेखी परवानगी घ्या. कचरा उचलणं, नोंदी करणं, हाताने तण काढणं यासाठी सहसा अडचण येत नाही. पण पात्राचा आकार बदलणं, दगड टाकणं, बांध घालणं यातलं काहीही पूर-अभियंत्याच्या गणिताशिवाय करायचं नाही. तुमच्या इथे पाणी संथ झालं म्हणजे वरच्या वस्तीत ते चढू शकतं.

काठावर आधीपासून राहणारे, कपडे धुणारे, जनावरं पाण्यावर आणणारे लोक असतील, तर पहिली बैठक त्यांच्यासोबत घ्या, आराखडा काढण्याआधी. ओढा सुंदर झाला आणि ज्यांनी तो वाईट दिवसांत सोसला तेच तिथून हटले, असं जगात अनेक ठिकाणी घडलं आहे. शिवाय पूर कुठवर येतो, मासे कधी दिसायचे, कुठला पाइप रात्रीच वाहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

पाण्याची प्रत

जर्मनीतल्या रूर भागातली एमशर नदी शंभरहून अधिक वर्षं उघडं गटार म्हणून वापरली गेली. तिचं काम १९९२ मध्ये सुरू झालं. त्यांनी आधी जमिनीखालून सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्या, प्रक्रिया केंद्रं उभारली, आणि नदीचं रूप बदलायला तिथेच हात घातला जिथे मैलापाणी थांबलं होतं. २०२१ च्या अखेरीस संपूर्ण नदी मैलापाण्यापासून मोकळी झाली. तुमचा ओढा कदाचित दोन किलोमीटरचा असेल, पण क्रम हाच. घाण पाण्याच्या काठावर बाग केली तर लोक बाग बघायला येतात आणि वासाने परत जातात.

मोजमाप साध्या साधनांनी करता येतं: तापमापक, सामू (pH) मोजायच्या पट्ट्या, विरघळलेल्या प्राणवायूचा संच. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. तो ५ च्या खाली गेला की बरेच मासे कासावीस होतात. २ च्या खाली फार थोडे तग धरतात. माप पहाटे घ्या. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पतीही श्वास घेत असतात, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. दुपारचा आकडा बघून खूश झालेल्या गटाला सकाळी मेलेले मासे दिसतात.

पण माझा जास्त विश्वास दगडाखालच्या किड्यांवर आहे. रसायनाचं माप त्या क्षणाचं असतं. किडे गेल्या कित्येक आठवड्यांची गोष्ट सांगतात. बारीक जाळीची हातजाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा, तिच्यासमोरचे दगड तीन मिनिटं पायाने ढवळा, आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन ओता. दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग ट्रे हलायला लागतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले आणि मागे बहुतेक वेळा तीन शेपट्या, ती मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची अळी. दोन शेपट्या असलेली चपटी, ती स्टोनफ्लायची. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिसफ्लायची. या तिघी सापडल्या तर पाणी बरं आहे. फक्त लालभडक वळवळत्या अळ्या आणि लांब श्वासनळीच्या शेपटीचे किडे असतील, तर पाण्यात प्राणवायू फार कमी आहे. लाल अळ्यांचा तो रंग हिमोग्लोबिनचा असतो, आणि त्याच्याच जोरावर त्या कमी प्राणवायूत जगतात. बघून झाल्यावर सगळे जीव जिथून घेतले तिथेच सोडा.

नंबर दिलेल्या पाइपांची यादी, फोटो आणि तारखा घेऊन संबंधित खात्याकडे जा. “ओढा घाण आहे” या तक्रारीवर कुणी हलत नाही. “सात नंबरच्या पाइपातून चार कोरड्या दिवसांनी, सकाळी आठ वाजता, फेसाळ पाणी” या तक्रारीवर हलावं लागतं.

पाण्याचा वेग

मातीवर पडलेला पाऊस मुरतो आणि हळूहळू ओढ्याला मिळतो. छप्पर, डांबर आणि फरशीवर पडलेला पाऊस गटारातून मिनिटांत ओढ्यात येतो, सोबत रस्त्यावरचं तेल, टायरची भुकटी आणि कचरा घेऊन. म्हणून शहरातला ओढा पावसात अचानक फुगतो आणि कोरड्या दिवसांत पार आटतो. काठ कोसळतो तो याच फुगण्याने. तो दगडांनी बांधला की पाणी पुढच्या वळणावर जाऊन तिथला काठ खातं.

यावरचा इलाज ओढ्यात नसतो, ओढ्याच्या वर असतो. छपराचा पन्हळ गटाराला न जोडता बागेत सोडणं, वाहनतळाच्या कडेला पाणी मुरवणारे खोलगट वाफे करणं, फरशीच्या जागी पाणी झिरपणारी जमीन ठेवणं. असा वाफा १५ ते २० सेंटीमीटर खोल पुरतो, पण साचलेलं पाणी एक-दोन दिवसांत मुरलं पाहिजे. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा तरी लागतो. दोन दिवसांत कोरड्या होणाऱ्या वाफ्यात तो वाढू शकत नाही. शेजारी हा प्रश्न नक्की विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. डासांसाठी गॅम्बुसिया मासे सोडायचा सल्लाही कुणीतरी देईल. तो घेऊ नका. ते बेडकांची पिल्लं आणि स्थानिक माशांची अंडी खातात आणि एकदा शिरले की काढता येत नाहीत.

वाहतं पाणी दिसतंय म्हणजे ओढा बरा झाला असं नाही, हेही लक्षात ठेवा. सेऊलमधला चंगेचन हा ओढा २००५ मध्ये त्यावरचा उंच रस्ता पाडून ५.८ किलोमीटर लांबीवर पुन्हा उघडला. लोकांना तो आवडतो आणि आसपासचा भाग त्याने गार झाला. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणलेलं असतं. जिथे जमिनीत पाणी मुरवायला जागा आहे तिथे पंपाच्या मागे लागू नये, असं मला वाटतं.

काठ आणि पात्र

सिंगापूरच्या बिशान उद्यानात कलांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहायची. २०१२ मध्ये तिथे ३.२ किलोमीटरचं वळणावळणाचं पात्र तयार झालं. मला त्यातली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती आधीची: मुख्य कामाला लागण्यापूर्वी त्यांनी उद्यानातल्या एका नालीच्या सुमारे ६० मीटर लांबीवर काठ धरून ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. ज्या टिकल्या त्याच पुढे वापरल्या. तुम्हीही १० मीटरचा तुकडा घ्या आणि एक पूर्ण पावसाचा हंगाम त्यावरून जाऊ द्या.

नवख्यांना जमणारी आणि खरोखर धरणारी पद्धत म्हणजे जिवंत खुंट. वाळुंजासारख्या, फांदीपासून मुळं फुटणाऱ्या स्थानिक जातीच्या अंगठ्याएवढ्या जाड, ६० ते ९० सेंटीमीटर लांब फांद्या झाड सुप्त असताना कापा. खालचं टोक तिरकं कापा, वरचं सपाट, म्हणजे घाईतही उलटं लागणार नाही. फांद्या पाण्यात भिजत ठेवा आणि एक-दोन दिवसांत लावा. काठाला लोखंडी सळईने आधी भोक पाडा. थेट ठोकलं तर साल सोलून निघते. मग खुंट दोन तृतीयांशाहून जास्त मातीत जाईल असा घाला, डोळे वरच्या दिशेने, आणि भोवतालची माती पायाने घट्ट दाबा. हवेची पोकळी राहिली तर मुळं वाळतात. खुंट हलवून पाहा. हलला तर काढून पुन्हा लावा.

जिथे पाण्याची नेहमीची रेषा काठाला कुरतडते तिथे काथ्याच्या जाड वळकट्या लाकडी मेखांनी बसवा, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर. त्यांच्यात लव्हाळा किंवा तिथल्या पाणकाठच्या गवतांचे ठोंब खोचा. काथ्या काही वर्षांत कुजतो. तोवर मुळांनी काठ धरलेला असतो. वळकटीची दोन्ही टोकं काठात वळवून पुरायला विसरू नका, नाहीतर पाणी मागून शिरतं आणि सगळी वळकटी उचलून नेतं.

पात्रात विविधता हवी: कुठे उथळ खळाळ, कुठे डोह. नैसर्गिक ओढ्यात एका डोहापासून पुढच्या डोहापर्यंतचं अंतर बहुतेक वेळा पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असतं. खळाळात पाणी हवा घेतं आणि दगडांखाली किडे राहतात. डोहात मासे कोरडे महिने काढतात. पडलेलं झाड लगेच उचलू नका. त्याच्या मागे डोह तयार होतो, त्यावर कासवं ऊन खातात. फक्त पुलाच्या किंवा मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळाच्या, तोंडाजवळ असेल तर ते काढा, कारण तिथे अडकून पूर येतो.

मोऱ्यांकडेही बघा. मोरीच्या खालच्या तोंडातून पाणी धबधब्यासारखं पडत असेल, तर माशांसाठी तो बंद दरवाजा आहे. दगड रचून तो उतार हळू करता येतो, अर्थात अभियंत्याच्या सल्ल्याने. मोरीत पाण्याच्या वर एक अरुंद कोरडा कठडा केला तर पाणमांजर आणि इतर छोटे प्राणी त्यावरून जातात आणि वरच्या रस्त्यावर गाडीखाली येत नाहीत.

झाडं

आक्रमक वनस्पती वरच्या बाजूने खाली काढत या, नाहीतर वरून येणाऱ्या तुकड्यांनी काम पुन्हा सुरू होतं. जलपर्णी अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. काढलेली पाण्याच्या काठावर टाकली तर पहिल्याच पुरात परत जाते. एकाच वेळी सगळा काठ साफ करू नका. पट्ट्यापट्ट्याने करा, रिकाम्या पट्ट्यात लगेच स्थानिक गवतं लावा, आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात हात आखडता घ्या.

गवत, झुडूप, झाड हे तिन्ही थर हवेत. सगळीकडे दाट सावली नको आणि सगळीकडे ऊनही नको: सावलीने पाणी गार राहतं, पण चतुर आणि टाचण्यांना (चतुराच्या सडपातळ भाऊबंदांना) उन्हाचे तुकडे लागतात. काठावरचा हा झाडांचा पट्टा किती रुंद हवा? ३० मीटर मिळाला तर वन्यजीवांसाठी उत्तम, १० मीटरने पाणी गाळून येतं. शहरात पाचच मिळाले तर पाच घ्या, पण सलग घ्या.

माणसांची वाट

आता तो एका काठाचा आग्रह. दोन्ही बाजूंनी वाट, दिवे आणि कुत्री असली की लपायला, घरटं करायला, पिल्लं घेऊन उतरायला जागाच उरत नाही. पलीकडचा काठ मोकळा सोडला की माणसांनाही जास्त दिसतं, कारण पक्षी पळून जात नाहीत. ते समोर बसून राहतात. अलीकडच्या काठावरही वाट पाण्याला चिकटवू नका. ती थोडी लांबून न्या आणि ठरावीक ठिकाणी पाण्यापर्यंत उतरू द्या. उतरायला जागा दिली नाही तर लोक स्वतः पाडतात, आणि ती नेमकी काठ खचणाऱ्या जागी पडते. म्यूनिकमध्ये २००० ते २०११ दरम्यान इसार नदीचं आठ किलोमीटर काम झालं, तेव्हा उभे काठ सपाट करून गोट्यांचे उतार केले. लोक तिथे जाऊन बसतात, आणि पूर आला तर त्याच उतारांवरून पाणी पसरतं.

वाटेचा चढ २० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे चाकाची खुर्ची कुणाच्या मदतीशिवाय जाते. रुंदी १.८ मीटर असली की दोन खुर्च्या समोरासमोरून निघतात. पाऊस सुरू झाल्यावर पटकन वर निघता येईल असे रस्ते ठेवा. पृष्ठभाग पाणी मुरवणारा घ्या. काळं, चकचकीत डांबर पाण्याजवळ मुळीच नको: त्यावरून परावर्तित होणारा ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश मेफ्लायना पाण्यासारखा भासतो आणि त्या अंडी रस्त्यावर घालतात.

दिवे लावावेच लागले तर बुटके, खाली रोखलेले, २७०० केल्विन किंवा त्याहून उबदार रंगाचे, आणि उशिरा रात्री बंद होणारे. पाण्यावर प्रकाश पडता कामा नये. उजेड टाळणारी वटवाघळं असा पट्टा सोडून देतात. कुत्र्यांना पाण्यात सोडू नका असं लिहिताना कारणही लिहा: पिसवांच्या औषधातली फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं पाण्यात उतरतात आणि दगडाखालचे किडे मारतात. कारण कळलं की बहुतेक लोक ऐकतात.

नोंदी

चार-पाच जागा पक्क्या करा, तिथे खूण रोवा, आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच उंचीवरून फोटो काढा. किड्यांची ट्रे-तपासणी वर्षातून दोनदा. देखभालीचे हात आणि पैसे किमान पाच वर्षांसाठी धरून ठेवा. पहिली तीन वर्षं तण तुमच्या रोपांपेक्षा जोरात वाढतं.

पक्षी मोजणं सोपं आणि आनंदाचं आहे, पण पक्षी उडत येतात आणि उडत जातात. मी त्यापेक्षा गवताचे देठ बघते. ऊन वर यायच्या आधी, पाण्यापासून हातभर उंचीवर, देठाला घट्ट पकडून बसलेली चतुराची कात सापडते: पाठीवर चीर, आत रिकामी, सहाही पाय जागच्या जागी. चतुराची अळी जातीप्रमाणे काही आठवडे ते काही वर्षं पाण्यात काढते, तेव्हा कुठे ही कात मागे राहते. अलगद काढा, कागदाच्या पुडीत ठेवा आणि वर तारीख आणि देठाची जागा लिहा. पुढच्या वर्षी त्याच दहा मीटरमध्ये किती सापडतात ते मोजा.